बेडकाच्या तंगडीतली वीज : लुइजी गॅल्व्हानी

या माणसाचं नाव आपण सगळ्यांनी शेकडो वेळा घेतलेलं आहे. बारावीच्या प्रॅक्टिकलला मीटर ब्रिजवर नल पॉइंट शोधताना ज्याचा काटा शून्यावर यावा म्हणून आपण देव पाण्यात घालून बसायचो, तो गॅल्व्हानोमीटर याच्या नावाचा. हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी ज्या जीआय पाइपांना जोडली आहे, त्यातलं जी म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, तेही याच्याच नावावरून आलेलं. आमच्या वैरागकडे, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यात, द्राक्षबागेच्या मांडवाची तार आणि गोठ्यावरचा पत्रा घ्यायला गेलं तरी दुकानदार आधी जीआय पाहिजे का साधं, हेच विचारतो. गंमत अशी की लोखंडावर जस्ताचा थर देण्याशी या बिचाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता. ते पेटंट फ्रान्सच्या सोरेलने १८३७ साली घेतलं. तोवर हा माणूस जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली होती.

आमच्या ग्रुपचा फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे हाताच्या स्नायूंच्या सिग्नलवर चालणारी छोटी गाडी. मूठ आवळली की गाडी पुढे, सैल सोडली की थांबली. रिपोर्टच्या पहिल्या चॅप्टरमध्ये इतिहासाच्या दोन ओळी टाकायच्या म्हणून मी लायब्ररीत बसलो आणि हा दोन ओळींचा माणूस मला आठवडाभर सोडेना. म्हणून हा लेख.

लुइजी गॅल्व्हानीचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. आपल्याकडचा हिशेब लावायचा तर त्याच वर्षी थोरल्या बाजीरावांची फौज दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आली होती. बोलोन्या तेव्हा पोपच्या राज्यात होतं. तिथलं विद्यापीठ युरोपातल्या सगळ्यात जुन्या विद्यापीठांपैकी एक, स्थापनेचं वर्ष १०८८ सांगतात. याच विद्यापीठात १७३२ मध्ये लॉरा बास्सी नावाच्या बाई प्राध्यापक झाल्या होत्या आणि पुढे त्यांनी भौतिकशास्त्र शिकवलं. अठराव्या शतकात, बरं का! आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात आजही मुली बोटांवर मोजण्याइतक्या असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

गॅल्व्हानीचे वडील सोनार. पोरगा लहानपणापासून देवाधर्माचा. त्याला मठात जाऊन संन्यासी व्हायचं होतं. घरच्यांनी समजूत काढली आणि त्याला वैद्यकीकडे वळवलं. १७५९ साली तो पदवीधर झाला. मग रोगी तपासणं, शरीररचना शिकवणं आणि उरलेल्या वेळात संशोधन असा दिनक्रम सुरू झाला. हाडांवर त्याने प्रबंध लिहिला, पक्ष्यांचे मूत्रपिंड तपासले, पक्ष्यांचे कान तपासले. पुढे बोलोन्याच्या विज्ञानसंस्थेत तो प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापकही झाला. थोडक्यात काय, वीज हा त्याचा मूळ विषय नव्हताच. आजच्या भाषेत सांगायचं तर ब्रँच सिव्हिल आणि नाव निघालं इलेक्ट्रॉनिक्समध्ये, असा प्रकार.

त्याचं लग्न झालं ते त्याच्या गुरूंच्या, प्रोफेसर गालेआत्सींच्या मुलीशी. तिचं नाव लुचिया. ही नुसती घर सांभाळणारी बायको नव्हती. शास्त्रज्ञाच्या घरात वाढलेली, शिकलेली, नवऱ्याच्या प्रयोगांत हाताशी उभी राहणारी. प्रयोगशाळा तरी कुठे होती? राहत्या घरातच. टेबलावर बेडूक, शेजारी वीज तयार करणारं यंत्र, पलीकडे लायडन जार. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुतणे-भाचे मदतीला असायचे. जोव्हान्नी आल्दिनी हा भाचा त्यातलाच, त्याचं नाव पुढे येणार आहे.

आता त्या काळातलं विजेचं वेड समजून घ्यायला हवं. विजेचा करंट तेव्हा कुणाच्या कल्पनेतही नव्हता, कारण बॅटरीच नव्हती. काचेचा गोळा किंवा चकती फिरवून घर्षणाने वीज तयार करायची, लायडन जारमध्ये साठवायची आणि ठिणगी काढून दाखवायची, एवढंच चालायचं. १७५२ साली फ्रँकलिनचा पतंग उडाला आणि आकाशातली वीज व जारमधली वीज एकच हे लोकांना पटलं. मग साहजिकच पुढचा प्रश्न निघाला. मेंदूने हुकूम दिला की हात हलतो, तर नसांमधून नेमकं जातं काय? जुने वैद्य म्हणत, नसांमधून प्राण वाहतो. काहींना शंका होती की ती वीजच असावी. पण विरोधकांचं म्हणणंही बिनतोड होतं. शरीर आतून ओलं, पाणी विजेचं वाहक. वीज एका नसेत राहीलच कशी? सगळीकडे पसरून नाही का जाणार?

१७८० पासून गॅल्व्हानीने हा प्रश्न बेडकावर हातात घेतला. बेडकाचा मागचा भाग, म्हणजे दोन तंगड्या आणि पाठीच्या कण्यापासून त्यांच्यात उतरणाऱ्या दोन नसा, एवढंच तो ठेवायचा. १७८१ च्या जानेवारीतली गोष्ट. टेबलावर असा बेडूक ठेवलेला. एका मदतनिसाने सुरीचं टोक सहज नसेला लावलं आणि तंगड्या एकदम ताडकन आखडल्या. त्याच क्षणी दुसऱ्या कुणीतरी लांबच्या यंत्रातून ठिणगी काढली होती. हे दोन्ही एका वेळी झालं, हे ज्याच्या लक्षात आलं ती व्यक्ती लुचियाच होती असं परंपरेने सांगतात. मेलेला बेडूक, यंत्राला कुठेही तार जोडलेली नाही, तरी पाय हलला!

इथे मला गॅल्व्हानीतला इंजिनिअर दिसतो. दुसरा कुणी असता तर चमत्कार म्हणून चार लोकांना बोलावून दाखवलं असतं. याने आधी फॉल्ट फाइंडिंग सुरू केलं. पुन्हा ठिणगी, पुन्हा सुरी. कधी पाय हलायचा, कधी नाही. का? बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की सुरीची मूठ हाडाची होती. हात नुसत्या मुठीवर असला तर काही होत नसे. बोट पात्याला किंवा मुठीतल्या लोखंडी खिळ्याला लागलं की पाय उडायचा. म्हणजे धातू, माणसाचं अंग आणि जमीन असा वाहक मार्ग हवा. मग सुरीऐवजी काचेची कांडी, मग लोखंडाची, मग लांब तार, मग तारेची लांबी बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. लॅबमध्ये सर्किट चालत नसलं की आपण रेझिस्टर, कॅपॅसिटर आणि आयसी तिन्ही एकदम बदलतो. त्यांनी हे जरूर वाचावं.

यंत्राच्या ठिणगीने पाय हलतो, तर आभाळातल्या विजेने का नाही? वादळी पावसात गच्चीवर तार उभी करून, तिला बेडकाची नस बांधून त्याने तेही केलं. वीज चमकली की पाय आखडायचा. मग १७८६ चा सप्टेंबर आला. स्वच्छ हवामानातही हवेत थोडी वीज असते का, हे बघायला त्याने बेडकांच्या कण्यात पितळेचे आकडे अडकवून ते घराच्या लोखंडी कठड्याला टांगले. तासन् तास वाट पाहिली. काही नाही. शेवटी कंटाळून त्याने आकडा कठड्यावर दाबला. पाय हलला! आभाळ निरभ्र, यंत्र घरात. मग हाच प्रयोग खोलीत, लोखंडी पत्र्यावर बेडूक ठेवून केला. आकडा पत्र्याला टेकवला की पाय हलतो. दोन वेगळ्या धातूंची कमान केली, एक टोक नसेला, दुसरं स्नायूला, तर आणखी जोरात हलतो. काच, राळ लावली तर काहीच नाही.

बाहेरून वीज आली नाही, मग ती आली कुठून? गॅल्व्हानीने निष्कर्ष काढला की ती बेडकातच आहे. स्नायू म्हणजे निसर्गाने बनवलेला छोटा लायडन जार, आत एक भार, बाहेर विरुद्ध भार, आणि नस म्हणजे त्या जारची आत गेलेली तार. धातूच्या कमानीने आपण फक्त रस्ता जोडून दिला. याला त्याने प्राणिज वीज म्हटलं. ओल्या शरीरात वीज पसरून का जात नाही, यालाही त्याच्याकडे उत्तर होतं. नसेभोवती तेलकट आवरण असतं, ते इन्शुलेशनचं काम करतं. अकरा वर्षं प्रयोग करून १७९१ साली त्याने हे सगळं लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलं. अकरा वर्षं! आपल्याला सेमिस्टर संपायच्या आत रिझल्ट पाहिजे असतो. ते पुस्तक पाहायला लुचिया मात्र हयात नव्हती.

पुस्तक छापून आलं आणि युरोपभर बेडकांचे हाल सुरू झाले. जिथे बेडूक आणि दोन धातू मिळतील तिथे लोक प्रयोग करायला लागले. त्यात एक होता पाव्हियाचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, अलेस्सांद्रो व्होल्टा. होय, आपला व्होल्टवाला. सुरुवातीला त्याने गॅल्व्हानीचं मनापासून कौतुक केलं, पण स्वतः प्रयोग करता करता त्याला शंका आली. एकाच धातूची कमान घेतली तर परिणाम मंद, दोन वेगळे धातू घेतले तर जोरदार. मग वीज बेडकात कशी? ती दोन धातूंच्या संपर्कातून येते, आणि बेडूक म्हणजे नुसता नाजूक मीटर. आपल्या लॅबच्या भाषेत, गॅल्व्हानी ज्याला सोर्स म्हणतोय तो व्होल्टाच्या मते डिटेक्टर आहे.

विचार करा, हा आरोप किती नेमका होता! पितळेचा आकडा, लोखंडी कठडा, मध्ये ओला बेडूक. दोन धातू आणि क्षारयुक्त पाणी म्हणजे आज सातवीतल्या पोरालाही माहीत असलेला सेल. व्होल्टाचं बरोबर होतं. कठड्यावरच्या त्या प्रसिद्ध प्रयोगात मुख्य वीज धातूंचीच होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. भांडकुदळ असता तर गॅल्व्हानीने शिव्याशाप दिले असते. त्याने वादाचं उत्तर प्रयोगाने दिलं. धातूंवर आक्षेप आहे ना? मग धातूच काढून टाकतो. १७९४ साली एक निनावी पुस्तिका निघाली, ती त्याचीच मानतात. तीत असा प्रयोग आहे की बेडकाची मोकळी केलेली नस काचेच्या कांडीने उचलून त्याच्याच स्नायूवर टेकवली. कुठलाही धातू नाही. तरी पाय आखडला. १७९७ मध्ये तो आणखी पुढे गेला. दोन तंगड्या वेगवेगळ्या ठेवल्या आणि एकीची नस दुसरीच्या नसेवर, कापलेली जागा आणि अखंड जागा अशा दोन्हींना स्पर्श होईल अशी टेकवली. नसेला फक्त नस लागली आणि पाय हलला. आता धातूही नाही आणि दोन वेगळे पदार्थही नाहीत. मधल्या काळात साठीला टेकलेला हा माणूस एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावर जाऊन, वीज सोडणाऱ्या टॉर्पेडो माशांवरही प्रयोग करून आला होता. प्राण्याच्या अंगात वीज तयार होते, याचा तो मासा म्हणजे जिवंत पुरावा.

आज मागे वळून पाहताना हा धातूविना केलेला प्रयोग मला कठड्यावरच्या प्रयोगाहून मोठा वाटतो. पण तेव्हा तो फारसा कुणी मनावर घेतला नाही, कारण काळच तसा आला होता.

१७९६ साली नेपोलियनची फौज इटलीत उतरली. इकडे पुण्यात त्याच वर्षी दुसरा बाजीराव गादीवर आला. राज्यं दोन्हीकडे डळमळत होती. बोलोन्यातून पोपची सत्ता गेली आणि फ्रेंचांच्या छत्राखाली सिसअल्पाइन प्रजासत्ताक तयार झालं. १७९८ मध्ये फर्मान निघालं की सगळ्या प्राध्यापकांनी नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायची. गॅल्व्हानीच्या श्रद्धेत ती बसत नव्हती. पुष्कळांनी सही करून टाकली असेल, पोट कुणाला चुकलंय? यानेही दोन ओळी पुटपुटल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्याने नकार दिला. विद्यापीठातली जागा गेली, संस्थेतलं पद गेलं, पगार बंद झाला. ज्याचं नाव पॅरिस-लंडनच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी होतं, तो साठीतला विधुर प्राध्यापक भावाच्या घरी येऊन राहिला. पुढे त्याची कीर्ती पाहून, शपथ न घेताच त्याला परत घ्यायचं सरकारने ठरवलं. पण तो निर्णय अमलात येण्याआधीच, ४ डिसेंबर १७९८ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्याने डोळे मिटले.

त्याच्या राजकीय मताशी आपण सहमत असावं असं मी म्हणत नाही. राजेशाही आणि धर्मसत्ता जाऊन प्रजासत्ताक आलं, हे आपल्याला आवडण्यासारखंच आहे. पण जे मनाला पटत नाही त्यावर सही करायची नाही, याची किंमत त्याने स्वतःच्या खिशातून मोजली. ज्या हट्टाने त्याने धातू काढून टाकून प्रयोग केला, तोच हट्ट इथे दिसतो.

पुढे काय झालं ते आपण पुस्तकात शिकतो. मार्च १८०० मध्ये व्होल्टाने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र पाठवून आपला पाइल जाहीर केला. जस्त आणि तांबे किंवा चांदी यांच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत. जगातली पहिली बॅटरी! बेडकाशिवाय वीज! वाद संपला, व्होल्टा जिंकला असं जगाने धरलं. नेपोलियनने त्याला पॅरिसला बोलावून मानसन्मान दिला. ज्या माणसामुळे एकाची नोकरी गेली, त्याच्याच दरबारात दुसऱ्याचा सत्कार झाला, हा नियतीचा खेळ. व्होल्टाबद्दल एक चांगली गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याचं नाव त्याने पुसून टाकलं नाही. गॅल्व्हानीवरून आलेला गॅल्व्हानिझम हा शब्द त्याने स्वतः वापरला.

गॅल्व्हानीची बाजू लढवली ती भाच्याने, पण जरा तमाशा करून. आल्दिनीने १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेताला बॅटरीच्या तारा लावून त्याचा जबडा आणि हात हलवून दाखवले. लोकांची घाबरगुंडी उडाली. अशाच चर्चांच्या वातावरणात १८१८ मध्ये मेरी शेलीची फ्रँकेन्स्टाइन ही कादंबरी आली. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये आपण जे भुताळी सिनेमे बघतो, त्यातल्या प्रयोगशाळेतल्या ठिणग्यांचं मूळ असं बोलोन्याच्या टेबलापर्यंत जातं.

खरा न्याय मिळायला पन्नास वर्षं लागली. बर्लिनच्या एमिल दु बोआ-रेमों याने सुमारे २४,००० वेढ्यांची कॉइल गुंडाळून अतिशय संवेदनशील गॅल्व्हानोमीटर बनवला. १८४०च्या दशकात त्याने माणसाचे दोन्ही हात मिठाच्या पाण्याच्या दोन भांड्यांत बुडवून ती भांडी मीटरला जोडली आणि एका हाताची मूठ आवळायला सांगितली. काटा हलला. बेडूक नाही, सुरी नाही, जिवंत माणूस स्वतःच्या इच्छेने मूठ आवळतोय आणि मीटर वीज दाखवतोय. पुढे १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी नसेतला सिग्नल कसा धावतो याचं गणितच मांडलं आणि १९६३ चं नोबेल मिळवलं. विश्रांत स्नायुपेशीच्या आत बाहेरच्या मानाने उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास दाब असतो. आत एक भार, बाहेर विरुद्ध भार, हे गॅल्व्हानी १७९१ मध्येच बोलून गेला होता.

आता आमच्या गाडीबद्दल. स्नायू आवळला की कातडीवर जो सिग्नल मिळतो तो मोठ्यात मोठा काही मिलिव्होल्टचा, आणि साधारण २० ते ५०० हर्ट्झमधला. ईसीजीला लावतात तसले दोन चिकट इलेक्ट्रोड मनगट आणि कोपर यांच्या मधल्या स्नायूवर, तिसरा कोपराच्या हाडावर. पुढे इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर, सुमारे हजारपट गेन, फिल्टर, मग रेक्टिफाय करून त्याचा लिफाफा, म्हणजे एन्व्हेलप, काढायचा आणि मायक्रोकंट्रोलरला द्यायचा. ठरावीक पातळीच्या वर गेला की मोटर ड्रायव्हरला हुकूम. उजवी मूठ आवळली की पुढे, डावी आवळली की वळण. आम्ही वापरला तो आर्डुइनो बोर्डही २००५ साली इटलीतच, इव्हरेआ गावात, जन्मलेला. म्हणजे गॅल्व्हानीचा गाववाला म्हणायला हरकत नाही!

दिवाळीच्या सुट्टीआधी सरांच्या परवानगीने गाडी वैरागच्या एका शाळेत दाखवायला नेली. आठवी-नववीची पोरं. पूर्वी ज्युनियर कॉलेजात बेडूक फाडून स्नायू शिकवायचे. इथे बेडूक नको, ज्याचा त्याचा हातच बेडूक. तालमीत जाणारा एक दणकट गडी छाती काढून पुढे आला, पण त्याच्यापेक्षा जोरदार सिग्नल आला तो एका काडी पैलवान मुलीचा. पोरं खो खो हसली. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये चरबी असली की सिग्नल दबतो, आणि इलेक्ट्रोड नेमका कुठे बसला यावरही बरंच अवलंबून असतं, हे कारण त्यांना लगेच पटलं. वर्गातल्या ट्यूब आणि पंख्यामुळे स्क्रीनवर ५० हर्ट्झची जाडजूड गुणगुण दिसत होती. तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप आणि गाडी बॅटरीवर, त्यामुळे लाइन एकदम स्वच्छ झाली. लाइट गेल्यावर प्रयोग सुधारला, असं आमच्या गावात प्रथमच घडलं असेल. नॉइज म्हणजे काय, हे त्या मुलांना आता कुणी वेगळं शिकवायला नको.

संध्याकाळी आमच्या गल्लीतले तात्या गाडी बघायला आले. बऱ्याच वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत त्यांचा उजवा हात गेला, मनगटाच्या वर चार बोटं. घरातल्या पोरांनी आग्रह केला म्हणून त्यांच्या उरलेल्या हातावर इलेक्ट्रोड लावले आणि मी म्हणालो, तात्या, मूठ आवळा. मूठ कुठली आणायची, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी त्यांनी डोळे मिटून जोर लावला. गाडी निघाली. ओट्यावरून सरळ भिंतीपर्यंत गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तात्या मात्र हसले नाहीत. बोटं अजून आत आहेत का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. रात्री कधी कधी नसलेल्या बोटांना मुंग्या येतात, हे ते सांगायचे तेव्हा लोक त्यांनाच वेड्यात काढायचे. मी सांगितलं की बोटं नाहीत, पण बोटं हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखाली अजून आहेत, आणि मेंदूचा हुकूम तिथपर्यंत रोज येतो. त्या मुंग्याही खऱ्याच, डॉक्टरांच्या पुस्तकात त्यांना नाव आहे. मग त्यांनी विचारलं, असल्या हाताने खुरपं धरता येईल का. याच सिग्नलवर चालणारे कृत्रिम हात जगात आहेत, पण चांगल्या हाताची किंमत लाखांत जाते, आणि आमची गाडी म्हणजे त्या रस्त्यावरचं पहिलं पाऊलसुद्धा नाही, हे त्यांना सांगावं लागलं. तात्यांनी मान हलवली आणि अजून दोन वेळा गाडी भिंतीपर्यंत नेली.

त्या गाडीत मला आता एक गोष्ट स्पष्ट दिसते. हातावरून जो सिग्नल येतो तो गॅल्व्हानीचा, जिवंत स्नायूत तयार झालेला. तो ज्या एककात मोजतो तो व्होल्ट, आणि मोटर फिरवणारी बॅटरी व्होल्टाची. दोघांचं भांडण एका फूटभर लांबीच्या चॅसिसवर येऊन मिटलेलं आहे. दोघांपैकी एकाचं जरी खोटं ठरलं असतं तरी आमची गाडी जागची हलली नसती. व्होल्टाने हटकलं नसतं तर गॅल्व्हानीने धातूविना प्रयोग केला नसता, आणि गॅल्व्हानीने बेडूक टांगला नसता तर व्होल्टाला पाइल सुचला नसता. म्हणून प्रोजेक्टमध्ये कुणी आपली चूक दाखवली तर राग मानू नका मित्रांनो. त्याचा आक्षेप घ्या आणि तो आक्षेप शिल्लकच राहणार नाही असा प्रयोग करून दाखवा.

बोलोन्याच्या एका चौकात १८७९ साली गॅल्व्हानीचा पुतळा उभारला गेला. तो चौकही त्याच्याच नावाने ओळखला जातो. मी तो फक्त फोटोत पाहिलाय. त्याच्या हातात पाटी आहे, पाटीवर बेडूक आहे आणि मान खाली घालून तो त्या बेडकाकडे पाहतोय. चौकातल्या गर्दीकडे त्याचं लक्ष नाही. व्होल्टाचा पाइल पाहायला तो आणखी पंधरा-सोळा महिने जगायला हवा होता असं मला फार वाटतं. पाइल पाहून तो हरलो म्हणाला असता, असं मात्र वाटत नाही. त्याने बहुधा त्या चकत्यांची तार घेतली असती, शांतपणे एका नसेला लावली असती, आणि वहीत तारीख टाकून पुढचा प्रयोग लिहायला घेतला असता.

अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार